सावित्रीबाईंची शेवटची सेवा



दर वर्षी ३ जानेवारीला आपल्या शाळांतून सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी होते. लहान मुली नऊवारी नेसून, ठसठशीत कुंकू लावून व्यासपीठावर उभ्या राहतात आणि अंगावर शेणमाती झेलत शाळेत शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंची गोष्ट सांगतात. ती गोष्ट आपल्या मुलांना तोंडपाठ आहे. भाषणाच्या अगदी शेवटी एक वाक्य येते: प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांचे निधन झाले. तेवढे म्हणून मूल खाली बसते, आपण टाळ्या वाजवतो आणि कार्यक्रम पुढे सरकतो.

येत्या १० मार्चला सावित्रीबाईंची पुण्यतिथी आहे. यंदा मला त्या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. कारण २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, आपल्याच घराघरांत जे घडले, त्याविषयी आपण अजून मोकळेपणाने बोललेलो नाही. घरातला माणूस आजारी असताना त्याच्या जवळ जावे की न जावे, हा प्रश्न त्या दिवसांत प्रत्येकापुढे होता. तो माझ्यापुढेही होता. त्याविषयी शेवटी सांगेन. आधी सावित्रीबाईंची हकिगत पाहू.

नायगावची मुलगी

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाले. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. लग्नाच्या वेळी सावित्रीबाईंना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकवले. पुढे त्यांनी अहमदनगरच्या मिस फॅरार आणि पुण्याच्या मिचेलबाई या मिशनरी शिक्षिकांकडे अध्यापनाचे धडे घेतले. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या.

हे सर्व आपल्याला ठाऊक आहे. पण त्यांच्या आयुष्यात शाळेच्या बरोबरीने आणखी एक काम चालू होते, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. ते म्हणजे ज्यांना कोणी दार उघडत नाही अशांना घरात घेणे. फसवल्या गेलेल्या तरुण विधवांना त्या काळी बाळंतपणासाठी कोठे जागा नव्हती. कित्येक जणी जीव देत, कित्येक जणी नवजात बाळाला मारून टाकत. १८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तिथे आलेल्या बायकांची बाळंतपणे आणि बाळांची देखभाल सावित्रीबाईंकडे होती. अशाच एका काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८७६-७७ च्या दुष्काळातही अन्नाविना फिरणाऱ्या मुलांना जेवू घालण्याच्या कामात दोघे पतीपत्नी होती.

आजारपण म्हणजे काय हे सावित्रीबाईंना स्वतःच्या अनुभवानेही माहीत होते. १८५६ मध्ये त्या बऱ्याच आजारी पडून माहेरी नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. भावाने खूप कष्ट घेऊन आपली शुश्रूषा केली, असे त्यांनी त्यात कळवले आहे. म्हणजे सेवा करणाऱ्या या बाईने आधी सेवा करवून घेतली होती. दुसऱ्याच्या हातून पाणी पिणे, दुसऱ्याच्या आधाराने उठणे हे त्यांनी अनुभवले होते.

घरातले अंथरूण

जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. त्यानंतर २८ नोव्हेंबर १८९० रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे दोन वर्षे आणि चार महिने, ते आजारीच होते. त्यांचे मित्र डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. औषध डॉक्टर देतो. बाकीचा दिवस आणि सगळी रात्र घरच्यांनाच काढावी लागते. ज्यांच्या घरी अर्धांगवायूचा रुग्ण आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. दर काही तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास भरवताना ठसका लागू नये म्हणून जपावे लागते. अंथरुणातच सर्व विधी उरकावे लागतात. त्यातून रुग्ण जर जोतीरावांसारखा आयुष्यभर धावपळ केलेला माणूस असेल तर त्याच्या मनाची घालमेल वेगळीच.

अशा अवस्थेत जोतीरावांनी डाव्या हाताने लिहून आपला अखेरचा ग्रंथ, सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक, पूर्ण केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. उजवा हात गेलेला माणूस डाव्या हाताने ग्रंथ लिहितो, याचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण अंथरुणावरचा माणूस असे काही करू शकतो तेव्हा त्याच्यामागे त्याला वेळेवर खाऊ-पिऊ घालणारे, स्वच्छ ठेवणारे आणि त्याच्या जगण्याला अजून अर्थ आहे असे मानणारे कोणीतरी असते, हेही विसरू नये.

लांबलेल्या आजारपणाने घर आर्थिक अडचणीत आले. मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून फुले कुटुंबाला मदत करण्याची विनंती केली. एवढ्या थोर माणसाच्या घरीही ही वेळ आली. मोठ्या आजारपणात आपल्यापैकी कित्येकांना शेत गहाण टाकावे लागले, सोने मोडावे लागले. त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे यावरून ध्यानात घ्यावे.

जोतीरावांनी आपल्या मृत्युपत्रात आपल्याला दहन न करता मिठात पुरावे, अशी इच्छा लिहून ठेवली होती. पण राहत्या वस्तीत पुरण्याला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही आणि दहन करावे लागले. अंत्ययात्रेच्या वेळी दत्तक मुलाला टिटवे धरण्याचा अधिकार नाही, असा वाद भाऊबंदांनी काढला. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हातात घेतले, त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला. बाईने स्मशानात जायचे नाही असे मानणाऱ्या काळात हे घडले. पुढे अस्थी घराच्या आवारात ठेवून, पुरले जावे या जोतीरावांच्या इच्छेचा जेवढा भाग पाळता येण्यासारखा होता, तेवढा पाळला गेला. मरणाऱ्याची प्रत्येक इच्छा पुरी करणे आपल्या हाती नसते. पण ती विचारून ठेवणे आणि तिच्यातले जेवढे शक्य असेल तेवढे करणे हे मात्र आपल्या हाती असते.

गाठीचा ताप

जोतीरावांच्या मागे सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचे काम थांबू दिले नाही. १८९३ मध्ये सासवड येथे झालेल्या समाजाच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. त्यातच मुंबईहून प्लेगची बातमी आली.

ही साथ मुंबईत ओळखणारा डॉक्टर आपल्याच समाजातला होता, हे पुष्कळांना माहीत नसेल. गोव्यात बार्देशमधल्या हडफडे गावी जन्मलेले डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे मुंबईत मांडवी भागात काम करीत. सप्टेंबर १८९६ मध्ये एका रुग्णाला तपासताना, हा साधा ताप नसून गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी ओळखले आणि उघडपणे सांगितले. अशी बातमी व्यापाराच्या शहरात कोणालाही नको असते. पण इतर तज्ज्ञांनी तपासल्यावर त्यांचे निदान खरे ठरले. काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. त्यांच्याबरोबर रोगही गेला. १८९७ च्या सुरुवातीला तो पुण्यात पसरला होता.

या रोगाची रीत भयंकर होती. आधी घरात उंदीर मरून पडत. मग माणसाला थंडी वाजून जोराचा ताप भरे, जांघेत किंवा काखेत गाठ येई, माणूस बरळू लागे. उपचार न झालेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक मरत, आणि तेही बहुधा आठवड्याच्या आत. नेमके औषध तेव्हा नव्हतेच. ते पुढे १९४० च्या दशकात मिळाले. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांमधून माणसाकडे येतो हे १८९८ मध्ये पहिल्यांदा दाखवले गेले. म्हणजे १८९७ मध्ये रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याला धोका कुठून येतो हेच ठाऊक नव्हते. हवेतून, स्पर्शातून, कपड्यांतून की जमिनीतून, कोणी काही म्हणे, कोणी काही. अशा वेळी माणसे घर सोडून पळाली, माळावर झोपड्या घालून राहिली, यात नवल नाही. कित्येक घरांतून आजारी माणसे मागे राहिली.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. हाच कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला. पुण्यात वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या हाती प्लेगबंदोबस्त देण्यात आला आणि १३ मार्चपासून गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या सुरू झाल्या. आजारी माणसाला ओढून नेत, सामान जाळत, बायकांची अब्रू पाहिली जात नसे. परिणाम उलटाच झाला. लोक आजाऱ्यांना माळ्यावर, कणगीमागे लपवू लागले. त्या संतापातून पुढे २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. साथ आवरायला नियम लागतात यात शंका नाही. पण ज्या नियमात आजाऱ्याला माणूस म्हणून जागा नसते, तो नियम लोक मनाने पाळत नाहीत.

मुंढव्याची वाट

झडत्या सुरू होण्याच्या आधीच सावित्रीबाईंनी आपला मार्ग धरला होता. यशवंत फौजेत डॉक्टर होता. त्यांनी त्याला रजा काढून यायला सांगितले. हडपसरजवळ ससाणे मळ्यात, यशवंताच्या सासरच्या माणसांच्या जागेत, दोघांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. जागा गावाबाहेर, उघड्या रानात होती.

हे नीट लक्षात घ्या. सावित्रीबाई केवळ भावनेच्या भरात रोग्याला मिठी मारायला धावल्या नाहीत. त्यांनी आधी डॉक्टर बोलावला. मग जागा निवडली, ती वस्तीपासून दूर आणि मोकळ्या हवेची. म्हणजे आजारी माणसाला सेवाही मिळावी आणि घरातली इतर माणसेही वाचावीत, असा त्यात विचार होता. रुग्णाला कोंडून ठेवण्यासाठी दूर नेणे वेगळे आणि त्याची देखभाल व्हावी म्हणून दूर नेणे वेगळे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. रुग्णाच्या उशाशी कोणी बसले आहे की नाही, यावरून ती ओळखायची.

त्या दिवसांत मुंढवा येथील अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीत पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. त्या स्वतः तिथे गेल्या आणि मुलाला पाठीवर घेऊन हडपसरच्या दवाखान्यात आल्या. मुंढव्याहून हडपसर काही मैल आहे. सावित्रीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. मुलगा वाचला, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते.

याच सुमारास मुंबईत त्यांचे जुने सहकारी, कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे, प्लेगग्रस्तांसाठी काम करताना त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले होते. ती बातमी पुण्याला कळली नसेल असे नाही. धोका काय आहे हे सावित्रीबाईंना माहीत होते. महिन्याभराने त्यांना स्वतःला प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांची प्राणज्योत मालवली. यशवंतही पुढे १९०५ मध्ये प्लेगच्या साथीत सेवा करतानाच गेला.

आपल्या संतांपैकी आलोशियस गोन्झागा यांची येथे आठवण होते. १५९१ मध्ये रोममध्ये साथ आली असता या तरुण येशूसंघीयाने रस्त्यावर पडलेल्या रोग्यांना खांद्यावर घालून रुग्णालयात नेले, त्यातच त्यांना रोग जडला आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी ते मरण पावले. एक तेवीस वर्षांचा, एक सहासष्ट वर्षांची. दोघांमध्ये तीनशे वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर. धर्म, भाषा, देश सर्व वेगळे. पण दोघांच्या पाठीवर ओझे मात्र एकच.

आपल्या दारातली साथ

साथी आपल्या वऱ्हाडाला नवीन नाहीत. १९१८ ची मानमोडी आपल्या आजी-पणजीच्या बोलण्यात असे. मध्य प्रांत व वऱ्हाड हा तिने सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. नंतर शंभर वर्षे गेली आणि आपण विसरलो. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्यात करोनाची दुसरी लाट उसळू लागली, तेव्हा अमरावती, अकोला यांच्याबरोबर आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही सर्वांत आधी निर्बंध लागले. एप्रिल उजाडेपर्यंत प्रत्येक वाडीवस्तीत कोणीतरी घरीच विलगीकरणात होते.

घरीच विलगीकरण हा शब्द कागदावर सोपा आहे. सूचना अशी होती की रुग्णाला वेगळी, हवेशीर खोली द्यावी, शक्य तर वेगळे शौचालय असावे, एकाच धडधाकट माणसाने मास्क लावून काळजी घ्यावी, ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना कळवावे. ज्या घरात दोनच खोल्या आणि सहा माणसे, तिथे वेगळी खोली कुठून आणायची? सून स्वयंपाकही करणार, मुलेही सांभाळणार आणि सासऱ्याच्या उशाशीही बसणार. आशा सेविका आपल्या जिवावर उदार होऊन दारोदार आकडे टिपत फिरल्या. पण रात्री दोन वाजता धाप लागलेल्या माणसाजवळ घरचीच बाई होती, आणि तिच्याजवळ कोणी नव्हते.

आता माझी गोष्ट सांगतो. त्या एप्रिलमध्ये आपल्या धर्मग्रामातल्या एका भगिनीने मला रात्री फोन केला. तिचे पती घरीच होते, खाट मिळण्याची वाट पाहत होते, आणि अवस्था बिघडत चालली होती. रुग्णाभ्यंगासाठी मी यावे अशी तिची विनंती होती. मी तिला म्हणालो की नियमाने येता येत नाही. मी फोनवरच प्रार्थना म्हटली. तिने फोन पतीच्या कानाशी धरला. पहाटे ते गेले. दफनाला आम्ही चार-पाच माणसे होतो, तीही एकमेकांपासून दूर उभी.

पुढे कधीतरी मी ते शासकीय नियम शांतपणे वाचले. त्यांत लिहिले होते की मृतदेहाला स्नान घालू नये, मिठी मारू नये, चुंबन घेऊ नये. पण लांबून चेहरा पाहायला, धर्मग्रंथ वाचायला, पवित्र पाणी शिंपडायला, म्हणजे देहाला स्पर्श न करता होणाऱ्या विधींना परवानगी होती. मृताजवळ एवढे चालत होते, तर जिवंत माणसाच्या खिडकीशी मास्क लावून उभे राहणे मला जमण्यासारखे होते. उंबरठ्यावर उभे राहून क्रुसाची खूण करता आली असती. मला नियमाने अडवले नव्हते. मी भ्यालो होतो आणि भीतीला नियमाचे नाव दिले होते.

त्या भगिनीने माझ्याकडे कधी तक्रार केली नाही. दोन वर्षांनी एकदा मिस्सानंतर तिने एवढेच विचारले की फोनवरची प्रार्थना देवाला चालते का. मी तिला सांगितले की चालते, आणि ते खरे आहे. २० मार्च २०२० रोजी रोमहून जे फर्मान निघाले त्यात, ज्यांना शेवटचे संस्कार मिळणे शक्य नाही अशांसाठी सबंध ख्रिस्तसभा प्रार्थना करीत आहे, हे स्पष्ट होते. तिच्या पतीच्या तारणाविषयी मला काळजी नाही. पण घरी परतल्यावर मला कळले की तिचा प्रश्न खरे तर वेगळा होता. त्या रात्री ती एकटी का होती, हा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

धैर्य आणि व्यवस्था

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही एक प्रश्न तासन्‌तास चघळत असू: दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणे हे कर्तव्य आहे की कर्तव्याच्याही पलीकडचे काही? वर्गात दोन्ही बाजूंनी छान बोलता येते. सावित्रीबाईंचे शेवटचे दोन महिने पाहिले की वाटते, प्रश्नच थोडा चुकीचा मांडला होता. तो प्रश्न एकट्या माणसाला विचारलेला आहे. एकट्यावर सोडले की माणूस एकतर पळतो, नाहीतर मरतो. सावित्रीबाई एकट्या नव्हत्या. मुलगा डॉक्टर होता, व्याह्यांची जागा होती, जोतीरावांनी उभी केलेली सत्यशोधकांची मंडळी होती. तरी त्यांना मरण आले, कारण रोग कसा पसरतो हे त्या काळी कोणालाच माहीत नव्हते. आज आपल्याला बरेच माहीत आहे. म्हणून त्यांच्याइतके धैर्य नसले तरी त्यांच्यापेक्षा अधिक करणे आपल्याला शक्य आहे. मात्र व्यवस्था आधी लावून ठेवली पाहिजे. घर पेटल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

आणि यासाठी साथ येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. आजही आपल्या धर्मग्रामात अर्धांगवायूचे, कर्करोगाचे, म्हातारपणाचे रुग्ण अंथरुणाला खिळून आहेत. केरळमध्ये गेली वीस-पंचवीस वर्षे शेजारपाजारची साधी माणसे थोडे प्रशिक्षण घेऊन अशा रुग्णांच्या घरी नियमाने जातात. सावित्रीबाईंच्या पुण्यात, त्यांच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, वारजे येथे कर्करुग्णांच्या वेदना हलक्या करणारे आणि त्यांच्या घरच्यांना शुश्रूषा शिकवणारे केंद्र सुरू झाले. मोठे केंद्र आपल्याला उभारता येणार नाही. पण पुढील गोष्टी येतील:

प्रत्येक वस्तीतील समूहाने आपल्या भागात अंथरुणावर असलेल्या रुग्णांची आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे या महिनाअखेर माझ्याकडे द्यावीत.

अशा प्रत्येक घरासाठी दोन धडधाकट माणसे ठरवावीत. त्यांनी आठवड्यातून एकदा जावे. रुग्णाची विचारपूस तर करावीच, पण मुख्य म्हणजे त्याची सेवा करणाऱ्या बाईला किंवा बाप्याला दोन तास झोपू द्यावे. सेवा करणाऱ्याची सेवा कोणी करीत नाही, ही आपल्या घरांतली जुनी उणीव आहे.

साथीचे दिवस आले तर मास्क, उघडी खिडकी, साबणाने हात धुणे आणि एका रुग्णाजवळ एकच माणूस, हे पाळावे. साठीच्या पुढच्यांनी आणि आधीच आजारी असलेल्यांनी रुग्णाच्या खोलीत न जाता फोन, डबा आणि औषध आणण्याचे काम घ्यावे. भीती वाटणे पाप नाही. पण कोणते अंतर डॉक्टरांनी सांगितले आहे आणि कोणते आपण भीतीने वाढवले आहे, हे एकदा स्वतःला विचारावे.

घरातल्या मोठ्या माणसांना, ती शुद्धीवर असतानाच, त्यांची इच्छा विचारून ठेवावी. शेवटी घरी राहायचे आहे की दवाखान्यात, कोणाला भेटायचे आहे, काय राहून गेले आहे. हे विचारणे अशुभ नाही.

रुग्णाभ्यंग हा केवळ मरणाऱ्याचा संस्कार नाही, आजाऱ्याचा आहे. म्हणून शेवटच्या घटकेची वाट न पाहता मला लवकर बोलवावे.

आणि माझ्या बाजूने एक शब्द देतो. पुन्हा तशी वेळ आली तर मी येईन. आत येता आले नाही तर उंबरठ्यावर उभा राहीन, तेही जमले नाही तर खिडकीबाहेर, आणि आतल्या माणसाला मी दिसेन अशा जागी उभा राहीन.

येत्या १० मार्चला शाळेतल्या मुलांना सावित्रीबाईंची गोष्ट सांगाल तेव्हा शेवटचे वाक्य घाईने उरकू नका. एक आजारी मुलगा आणि त्याला पाठीवर घेऊन मुंढव्याहून हडपसरला निघालेली एक म्हातारी बाई, एवढे त्यांना सांगा. मग त्यांना सोबत घेऊन शेजारच्या आजारी आजोबांकडे जाऊन या.

आपला,
धर्मगुरू